तीन श्वासांची सुई

त्या रविवारी गोकुळने नेहमीप्रमाणे मोबाइल बाहेरच्या टेबलाच्या खणात ठेवला, प्रयोगशाळेच्या दारावरचा लाल दिवा लावला आणि तो आत गेला. बाहेर आला तेव्हा बारा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. त्याची बायको तनुजा जाऊन तोवर पस्तीस मिनिटं झाली होती.

दाराबाहेर कडूबा उभा होता. कडूबा म्हणजे विभागातला शिपाई. घरी सुनेशी पटत नसल्यामुळे तो रविवारीही यायचा आणि स्टुलावर तंबाखू मळत बसायचा. त्या दिवशी मात्र तो उभा होता आणि त्याच्या हातात गोकुळचा मोबाइल होता. गोकुळ हसतच बाहेर आला होता. आत पडद्यावर जे दिसलं होतं, ते कोणाला तरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि कडूबाचा चेहरा बघून तसंच मिटलं.

त्याच प्रयोगशाळेत संशोधन करणारी तनुजा शुक्रवारपासून माहेरी, करमाडला होती. डोकं दुखतं म्हणत होती. जागरणाने दुखत असेल असं सगळ्यांनीच धरलं. शनिवारी दुपारी ती तेवढ्यासाठी विद्यापीठात येऊन मायक्रोस्कोपची सुई तयार करून गेली होती, कारण तशी सुई एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाही. जाताना म्हणाली, "उद्या तुम्हीच बघा. मला उजेड सहन होत नाहीये." रविवारी सकाळी ती ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सासरे मोतीराम तिला गाडीत घालून जालना रोडवरच्या दवाखान्यात घेऊन निघाले आणि वाटेतूनच ते गोकुळला फोन लावत राहिले.

मोबाइलवर चौदा फोन येऊन गेलेले दिसत होते. पहिला अकरा वाजून वीस मिनिटांचा होता, तनुजाचा स्वतःचा. बाकीचे तेरा सासऱ्यांचे.

खणात काहीतरी सारखं घुरघुरतंय म्हणून कडूबाने पावणेबाराला फोन उचलला होता. म्हणजे त्याला तेव्हापासून माहीत होतं. विद्यापीठापासून तो दवाखाना गाडीने पंधरा मिनिटांवर. कडूबाने दार उघडलं असतं, तर गोकुळ पोचला असता. हा हिशोब त्याने तिथेच, पायऱ्या उतरता उतरता केला आणि पुढे तो रोज तोच करत राहिला.

तनुजाच्या जलदानविधीच्या दिवशी करमाडच्या विहारात माणसं पांगल्यावर त्याने कडूबाला बाजूला घेऊन विचारलं, दार का उघडलं नाही. विचारताना आवाज चढला नव्हता. कडूबाने खाली बघून सांगितलं.

"म्याडमनीच सांगून ठेवलं व्हतं ना भाऊ. लाल दिवा असला की बाप मेला तरी दार उघडायचं नाय. मागं एकदा म्या उघडलं, तवा किती बोलल्या व्हत्या."

हे खरं होतं. ती बोलली होती, आणि तेव्हा गोकुळ तिथेच उभा राहून हसला होता.

दार उघडायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही, टेबलाला टेकायचं नाही, असे नियम त्या खोलीत उगाच नव्हते. साध्या मायक्रोस्कोपला एक हद्द असते. एका हद्दीपेक्षा लहान वस्तू त्यात दिसत नाही, नुसता उजेडाचा डाग दिसतो आणि एक रेणू त्या डागाच्या कितीतरी पटीने लहान असतो. म्हणून उजेडच एका काचेच्या सुईच्या टोकावर आणायचा आणि ती सुई वस्तूच्या अगदी जवळ न्यायची. किती जवळ, तर केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग मध्ये उरावा इतकी. त्या अंतरावर सुई काचेवरून ओळीओळीने फिरवायची. दार आपटलं तरी ती काचेत घुसते आणि मोडते.

तनुजाने त्याच्यापुढे आणखी एक पायरी घेतली होती. सुईच्या टोकावर ती हिरव्या रंगद्रव्याचा पातळ थर चढवायची. लेसर पडला की थरातले रेणू ऊर्जा घेतात आणि समोरच्या काचेवर लाल रंगद्रव्याचा रेणू अगदी जवळ सापडला, तर ती ऊर्जा त्याला देऊन टाकतात. मग लाल रेणू चमकतो. सुई जरा वर उचलली की देणं थांबतं. आईला, केसरबाईंना, तिने हे सांगितलं होतं, की मेणबत्तीवरून मेणबत्ती लावतो तसंच, फक्त ज्योत ज्योतीला लागत नाही. केसरबाई म्हणाल्या होत्या, मग लागती कशी? तनुजा म्हणाली होती, तेच तर बघतेय.

एकच रेणू दिसतोय हे ओळखायची खूण सोपी होती. पुष्कळ असतील तर उजेड हळूहळू मंद होतो. एकटा असेल तर तो चमकत राहतो आणि एकदम विझतो. त्या रविवारी गोकुळने पडद्यावर तसे नऊ ठिपके बघितले होते, आणि नऊपैकी प्रत्येक एकदम विझला होता. डॉक्टरांना त्याने नंतर एकच गोष्ट विचारली, तिला त्रास झाला का? डॉक्टर म्हणाले, शुद्ध गेली ती एकदमच गेली. गोकुळने मान हलवली.

गोकुळ त्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. शिक्षण आयटीआयचं, पण हात बापाचा. शहागंजात त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मनगटी घड्याळात तांदळाएवढ्या डबीत स्फटिकाचा एक चिमटा असतो, त्याच्या थरथरण्यावर घड्याळाची वेळ चालते. मायक्रोस्कोपची सुई अशाच चिमट्याला चिकटवतात. सुई काचेजवळ आली की चिमट्याची थरथर कमी होते आणि यंत्राला अंतर कळतं. दुकान बंद झालं तेव्हा जुन्या घड्याळांचे तीन डबे गोकुळने घरी आणले होते. तनुजाचं सगळं काम त्या डब्यांतल्या चिमट्यांवर झालं. लग्नाआधी ती त्याला घड्याळजी म्हणायची, लग्नानंतरही म्हणत राहिली, आणि घरी यायला उशीर झाला की, घड्याळजीच्या पोराला वेळ कळत नाही, असं सगळ्यांसमोर ऐकवायची. प्रयोगशाळेत तो तिला मॅडम म्हणायचा, घरी तनू.

महिन्याभराने परदेशातल्या नियतकालिकाचं पत्र आलं. तनुजाने नऊ ठिपक्यांच्या चित्राच्या आधीच लेख पाठवला होता. चित्र मागून राजेंद्र सरांनी जोडून दिलं. सर विभागप्रमुख होते आणि भले होते. तपासणाऱ्यांना काम आवडलं होतं. त्यांच्या दोनच मागण्या होत्या. त्याच तुकडीतल्या, म्हणजे एकाच वेळी तयार केलेल्या, दुसऱ्या काचेवर, त्याच पद्धतीने, आणखी एक चित्र काढून दाखवा. आणि सुई रंगद्रव्याच्या द्रावणातून किती सेकंदांत वर काढली ते लिहा, कारण थराची जाडी त्यावरच ठरते. मुदत नव्वद दिवसांची.

सरांनी गोकुळला बोलावून घेतलं. लेख मागे घेऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. एका चित्रावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये, एक म्हणजे योगायोग. विभागाच्या अंकात तनुजाच्या स्मरणार्थ छापता येईल. गोकुळ म्हणाला, तिचं काम योगायोग नाही. सर म्हणाले, मला माहीत आहे, पण ते मला माहीत असून काय उपयोग?

गोकुळने तनुजाची वही काढली. तिची वही म्हणजे आरसा. कोणतं द्रावण, किती तापमान, कोणत्या बाटलीतून, सगळं तारखेनिशी. सुईच्या पानावर लिहिलं होतं: द्रावणात बुडवून, तीन श्वासांत वर काढावी.

सुई द्रावणातून वर ओढायची मोटर दोन वर्षांपासून बंद होती. तनुजा हातानेच स्क्रू फिरवायची. डोळे अर्धे मिटून, तीन श्वास. सुई चिकटवलेला चिमटा तिच्या हातात द्यायचा आणि परत घ्यायचा एवढंच गोकुळचं काम. दोन वर्षं तो तिच्या शेजारी उभा राहिला, मनगटाला घड्याळ बांधून, आणि एकदाही त्याने तो वेळ मोजला नाही. तिचे तीन श्वास म्हणजे किती सेकंद, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

तिच्या हातच्या तीन काचा शिल्लक होत्या. प्रत्येकीच्या डबीवर तिच्या अक्षरात तारीख. नवीन तुकडी करायची तर लाल रंगद्रव्याचा नमुना बाहेरून मागवायला सात-आठ महिने लागणार होते. आणि काच डबीतून काढली की दिवसभरात तिच्यावरचा लाल रंग मरतो. म्हणजे तीन काचा, तीन दिवस.

पहिल्या वेळी गोकुळने डोळे मिटून आठवून बघितलं. शेजारी ती उभी आहे असं धरलं आणि स्क्रू फिरवला. तेरा सेकंद भरले. थर जाड झाला. दिवसभर पडद्यावर काळोखाशिवाय काही उमटलं नाही. दुसऱ्या वेळी श्रेयाने, तनुजाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने, पुस्तकातलं सूत्र लावून सव्वीस सेकंद काढले. थर इतका पातळ झाला की पाच ओळींतच सुई विझली. श्रेया रडायला लागली. गोकुळने तिला चहा आणून दिला आणि रिकामी डबी परत फ्रीजमध्ये ठेवली. ती फेकायचं त्याच्याने झालं नाही.

मग तो तिचा श्वास शोधायला लागला. अकरा वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचा श्वास किती लांब होता हे आपल्याला सांगता येत नाही, याची त्याला लाज वाटली. मोबाइलमधले सगळे व्हिडिओ त्याने कानाला लावून ऐकले. त्यांत ती बोलत होती, हसत होती, कोणाला तरी रागावत होती. गप्प बसलेली कुठेच नव्हती. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, तिच्या घोरण्याचा आवाज त्याने चेष्टेने रेकॉर्ड केला होता. सकाळी ऐकवल्यावर ती चिडली आणि हातातून मोबाइल घेऊन तिने स्वतः तो पुसला. "माझ्या मेल्यावर ऐकायला ठेवता का?" असं म्हणाली होती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दोघांना त्याने विचारलं, पुसलेलं परत आणता येतं का. इतकं जुनं येत नाही, म्हणाले.

त्या दिवसांत गोकुळ मोबाइल क्षणभरही दूर ठेवत नसे. आंघोळीला गेला तरी खिडकीत ठेवायचा. फोन कोणाचाही असो, पहिल्या घंटेला उचलायचा.

मुदतीतले साठ दिवस सरले तेव्हा तो करमाडला गेला. दुपारची वेळ होती. मोतीराम ओसरीत बसले होते, जावई दिसल्यावर सरकून त्यांनी जागा केली आणि पाणी मागवलं. केसरबाई आत वाकळ शिवत होत्या. गोकुळने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तीन श्वास. काच एकच उरली. मोतीरामांना त्यातलं फार कळलं नाही. त्यांनी विचारलं, त्या लोकांना सांगून टाका ना, बाई वारली म्हणून. गोकुळ म्हणाला, सांगितलंय, पण त्यांना तिचं काम खरं आहे की नाही तेवढंच बघायचंय.

केसरबाईंनी हातातली सुई वाकळीत टोचून ठेवली.

"तीन श्वास म्याच शिकवलेत तिला," त्या म्हणाल्या. "विहारात पोरींना आनापानाचं ध्यान सांगायची तवा ही माझ्या मांडीला टेकून बसायची. माझ्यासंगच श्वास घ्यायची. सुईत दोरा ओवायचा तर तीन श्वास घ्यायचे, मंग हात हालत नाय. तेच नेलं तिनं तिकडं."

गोकुळने मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. केसरबाई भिंतीला टेकल्या, डोळे मिटले. पहिल्या वेळी दुसऱ्याच श्वासाला त्यांचा हुंदका फुटला. मोतीराम उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने केसरबाईंनी तोंड धुतलं, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, मोजा. गोकुळने सात वेळा मोजलं. कधी अठरा सेकंद भरले, कधी एकोणीस. त्याने साडेअठरा लिहून घेतलं.

निघताना केसरबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "कधी करनार?"

"येत्या रविवारी."

"झालं की कळवा बापू. मला कळवा आदी."

रविवारी विभाग बंद होता, लिफ्टही बंद. कडूबा दाराबाहेर स्टुलावर बसला. गोकुळने वडिलांच्या डब्यातला एक चिमटा काढला, सुई चिकटवली, द्रावणात बुडवली आणि घड्याळ समोर ठेवून साडेअठरा सेकंदांत वर काढली. तिसरी काच डबीतून काढली. श्रेया लेसरपाशी बसली. आत जाताना तिने दारात थांबून विचारलं, "दादा, मोबाइल?"

"बंद केलाय," गोकुळ म्हणाला.

तो बंद नव्हता. शर्टाच्या खिशात होता, घंटा बंद आणि थरथर चालू. श्रेयाला तो खिशातून दिसत होता. पण त्या खणात मोबाइल ठेवा, असं ह्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

चित्र एकशे अठ्ठावीस ओळींचं असतं. दहाव्या ओळीला पहिला लाल ठिपका आला. तो चमकला, चमकत राहिला आणि एकदम विझला. श्रेयाने गोकुळकडे बघितलं. एकतिसाव्या ओळीला दुसरा. चाळिसाव्याला तिसरा आणि त्याच्या शेजारीच चौथा. साडेअठरा बरोबर होते. गोकुळच्या डोळ्यांना धार लागली, ती त्याने पुसलीही नाही. पडदा नीट दिसावा म्हणून तो पुढे वाकला आणि वाकताना त्याची छाती टेबलाच्या कडेला टेकली.

एकाहत्तराव्या ओळीला खिशातला मोबाइल थरथरला.

पडद्यावर चिमट्याची थरथर दाखवणारी हिरवी रेषा एकदा उडाली आणि सपाट झाली. काही आवाज झाला नाही. श्रेयाने लेसर बंद केला. तिने सुई वर घेऊन भिंगाखाली बघितली. टोक नव्हतं.

गोकुळने खिशातून मोबाइल काढला. आई, असं नाव होतं. त्याने उचलला.

"झालं का बापू?" केसरबाईंनी विचारलं.

"अजून नाही, आई."

"असू द्या. म्या वाट बघती."

त्याने मोबाइल बाहेर नेऊन खणात ठेवला आणि परत आला. काच संध्याकाळपर्यंत टिकणार होती, म्हणून त्याने दुसरी सुई करायला घेतली. चिमट्याला सुई चिकटवायलाच दोन तास गेले. श्रेया म्हणाली, स्क्रू मी फिरवते. गोकुळने ऐकलं नाही. घड्याळ समोर होतं, पण काट्याकडे बघून हात एकसारखा फिरेना. मग त्याने तनुजासारखे डोळे अर्धे मिटले आणि श्वास घेतला. तो आत जाताना तीन ठिकाणी अडकला. सुई अकरा सेकंदांतच वर आली. ती सुई लावून त्यांनी पाच वाजेपर्यंत काच चाळली, पण थर जाड होता, एकही ठिपका आला नाही. साडेपाचला श्रेयाने साधा दिवा लावून काचेवरचा लाल रंग तपासला. तो मेला होता.

कडूबाने लाल दिवा विझवला, उघड्या दारातून आत डोकावला आणि विचारलं, "चहा आनू का भाऊ?" गोकुळ नको म्हणाला. कडूबा तरीही घेऊन आला. तिघांनी उभ्यानेच तो प्यायला. श्रेया म्हणाली, चूक माझीही आहे दादा, मला दिसत होता. गोकुळ म्हणाला, नाही. तनू कडूबाला बोलली तशी मलाही बोलली असती. मग तो कडूबाकडे वळला.

"तू दार उघडलं नाहीस ते बरोबर केलंस," तो म्हणाला.

कडूबाने कप गोळा केले.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्धं चित्र बघितलं. चार ठिपके स्वच्छ होते, पण अर्धं चित्र तपासणाऱ्यांना चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. साडेअठरा सेकंद हा आकडा चार ठिपक्यांवर आणि तिच्या आईच्या श्वासावर लिहायचा का, हे सरांनी त्याच्यावर सोपवलं. मुदत वाढवून मागू, नमुना नव्याने मागवू, असंही ते म्हणाले. पण नव्या नमुन्याची तुकडी तनुजाच्या हातची नसेल आणि पत्रात तर त्याच तुकडीतली काच मागितली आहे.

गोकुळने संगणकावर उत्तराचा तक्ता उघडला. द्रावण, तापमान, सुईची जाडी, लेसरची ताकद, सगळे रकाने वहीवरून भरले. सेकंदांच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने साडेअठरा टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं आणि परत पुसलं. संध्याकाळी केसरबाईंचा फोन आला. तो त्याने पहिल्या घंटेला उचलला आणि त्यांना खरं काय झालं ते सांगितलं, फोन कोणाचा होता तेवढं सोडून.

मुदतीचे आता एकवीस दिवस उरले आहेत. फ्रीजमध्ये तिच्या अक्षरातल्या तीन डब्या आहेत, तिन्ही रिकाम्या. दुसरं चित्र झालेलं नाही आणि सेकंदांचा रकाना अजून भरायचा आहे.